शिकारीचा परवाना

अमेरिकेत क्लार्क कर नावाचे एक नामांकित विद्यापीठ-प्रशासक होऊन गेले. (आडनाव खरंच 'कर'. आजचा विषय पैसे वसूल करण्याचा आहे, त्यामुळे योगायोग छान जमलाय.) १९५८ ते १९६७ या काळात ते कॅलिफोर्निया विद्यापीठाचे अध्यक्ष होते. विद्यापीठ चालवणाऱ्यापुढे खरे प्रश्न तीनच असतात, असं ते गमतीनं म्हणायचे: विद्यार्थ्यांना सेक्स, माजी विद्यार्थ्यांना खेळ आणि प्राध्यापकांना पार्किंग. १९६३ मध्ये हार्वर्डला दिलेल्या व्याख्यानांत तर त्यांनी पुढची पायरी गाठली. आधुनिक विद्यापीठ म्हणजे आपापली दुकानं चालवणाऱ्या प्राध्यापकांचा समूह, आणि त्यांना एकत्र बांधून ठेवते ती पार्किंगबद्दलची सामायिक तक्रार, अशा अर्थाचं काहीतरी ते बोलले.

याला साठ वर्षं उलटून गेली. पहिले दोन प्रश्न ज्याचे त्याने आपापल्या परीने सोडवले. तिसरा आहे तिथेच आहे.

आता हे पुराण मी का लावलंय, तर एमएस करताना मी दोन वर्षं आमच्या विद्यापीठाच्या पार्किंग ऑफिसात कामाला होतो. एफ-१ व्हिसावर सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवरच काम करता येतं, तेही आठवड्याला २० तास. आमच्यातले बरेच जण डायनिंग हॉलमध्ये भांडी विसळायचे नाहीतर लायब्ररीत पुस्तकं लावायचे. मला डेटाबेस येतो म्हणून पार्किंगवाल्यांनी उचललं. विद्यापीठाचं नाव सांगत नाही. मिडवेस्टमधलं, बससेवेची बोंब असलेलं, हिवाळ्यात नाकातला श्वास गोठवणारं एक सरकारी विद्यापीठ, एवढं पुरे. माझ्याकडे स्वतःची गाडी नव्हती. म्हणजे चहा न पिणाऱ्याला टपरीच्या गल्ल्यावर बसवावं, तसा प्रकार.

त्याआधी माझा पार्किंगचा अनुभव म्हणजे पुण्यातल्या कॉलेजचा स्टँड. पत्र्याची शेड, खुर्चीवर बसलेले स्टँडवाले काका, आणि नंबर कोरलेला पत्र्याचा बिल्ला. जागा संपली असं काका कधीच म्हणायचे नाहीत. दोन गाड्यांमध्ये तिसरी कशी घुसवायची याचा अल्गोरिदम त्यांच्या डोक्यात होता. आयआयटी मुंबईत तर होस्टेलच्या पोरांना मोटरसायकल-गाडी ठेवायलाच बंदी, म्हणजे प्रश्न मुळातूनच निकालात. अमेरिकेत मात्र गाडी नाही तर भाजी नाही, दूध नाही, अशी परिस्थिती. तीस-चाळीस हजार माणसं रोज सकाळी येणार, आणि त्यातली बरीचशी एकटीच एकेका गाडीत बसून. त्यांना काका कुठे पुरणार? म्हणून परमिट.

परमिट म्हणजे आरशाला अडकवायचा एक रंगीत टॅग. आमच्याकडे 'ए' टॅगवाल्यांचे लॉट बिल्डिंगांना खेटून, ते प्राध्यापकांचे. 'बी' थोडे लांब, ते बाकीच्या स्टाफचे. 'सी' विद्यार्थ्यांचे, ते स्टेडियमच्या पलीकडे, जिथून वर्गापर्यंत चालत येताना एक आख्खं गाणं ऐकून संपायचं. ए सगळ्यात महाग, सी सगळ्यात स्वस्त. नियम सोमवार ते शुक्रवार, सकाळी ७ ते संध्याकाळी ५. पाचनंतर कोणीही या, कुठेही लावा, फुकट. हा पाचचा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

कॅम्पसचा पार्किंगचा नकाशा बघितला की तिथे कोणाची पत किती हे एका नजरेत कळतं. याचं टोक बघायचं तर बर्कलीला जावं. तिथे काही जागांवर 'एनएल'साठी राखीव अशी पाटी असते. एनएल म्हणजे नोबेल लॉरिएट! १९८० साली तिथले प्राध्यापक, पोलिश कवी चेस्वाव मिवोश यांना साहित्याचं नोबेल मिळालं, तेव्हापासून ही प्रथा पडली म्हणतात. एवढा जगातला मोठा मान मिळाल्यावर विद्यापीठानं काय द्यावं, तर गाडी लावायला जागा. क्लार्क कर यांना माणसं बरोबर ओळखता आली होती.

आता गंमत अशी की परमिट घेतलं म्हणजे जागा मिळाली असं अजिबात नाही. परमिट म्हणजे शिकारीचा परवाना, हा अमेरिकन कॅम्पसांवरचा जुना विनोद आहे. जंगलात जायची परवानगी मिळाली, हरीण मिळेल याची हमी नाही. ऑफिसात लागल्यावर पहिल्याच आठवड्यात कळलं की हा विनोद नसून हिशेब आहे. लॉटमध्ये हजार जागा असतील तर परमिटं विकायची तेराशे, चौदाशे.

ऐकायला शुद्ध फसवणूक वाटते. पण जरा थांबा. कोणाचे तास सोमवार-बुधवार-शुक्रवार, कोणाचे मंगळवार-गुरुवार. कोणी कॉन्फरन्सला, कोणी आजारी, कोणी नुसताच झोपलेला. हजार जागांना हजारच परमिटं विकली, तर भर दुपारीसुद्धा शेकडो जागा रिकाम्या राहतील आणि बाहेर वेटिंग लिस्ट लागेल. विमान कंपन्या सीट अशाच विकतात. लिनक्स मेमरी अशीच वाटतो: मागेल त्याला हो म्हणायचं, सगळे एकदम वापरणार नाहीत या भरवशावर. आणि भरवसा चुकला की ओओएम किलर येऊन एखाद्या गरीब प्रोसेसचा मुडदा पाडतो. पार्किंगमध्ये तो मुडदा म्हणजे दहाच्या लेक्चरसाठी पावणेदहाला लॉटमध्ये शिरलेला प्राणी.

ऑगस्टमध्ये सेमिस्टर सुरू झालं की दोन-तीन आठवडे नुसती मारामारी असायची. मग पोरं लेक्चरं बुडवायला लागली की लॉट आपोआप सैल पडायचे. परमिटं किती जास्त विकायची हे ठरवण्यासाठी विद्यार्थी-कामगार हातात पॅड घेऊन दिवसातून चार-पाच वेळा लॉट मोजत फिरायचे. ते आकडे डेटाबेसात भरायचं काम माझं. कुठला लॉट किती वाजता किती भरलेला असतो हे मला पाठ झालं होतं. गाडी नसलेल्या माणसाला याचा उपयोग शून्य. :-)

मग पैशाचं. परमिटला पैसे पडतात याचा सगळ्यांना राग. "आधीच एवढी फी भरतो, वर पार्किंगचे वेगळे?" हे वाक्य मी फोनवर शेकडो वेळा ऐकलं. पण हिशेब मांडून बघू. एक जागा साधारण ९ फूट बाय १८ फूट, म्हणजे १६२ चौरस फूट. पण गाडी काही हवेतून उतरत नाही. येण्याजाण्याची वाट धरली की एका गाडीमागे ३०० ते ३५० चौरस फूट जातात. मुंबईत एवढ्यात लोक संसार करतात. मोकळी जमीन संपली की बहुमजली पार्किंग बांधायचं. आजच्या भावानं त्यातली एक जागा, जमिनीची किंमत सोडून, २५ ते ३० हजार डॉलरला पडते. २५ हजारच धरा. ३० वर्षांचं कर्ज, ५ टक्के व्याज, तर वर्षाचा हप्ता साधारण १६०० डॉलर. वर दिवे, लिफ्ट, बर्फ काढणं, दुरुस्ती. बऱ्याच सरकारी विद्यापीठांत पार्किंग खात्यानं आपलं पोट आपणच भरायचं असतं. शिक्षणाच्या पैशाला हात लावायचा नाही. म्हणजे हे सगळं परमिटं आणि दंडातूनच निघायला हवं.

समजा ठरवलं, की नको, पार्किंग फुकट ठेवू. मग हे पैसे कोण भरणार? सगळे मिळून. त्यात चालत येणारा आला, सायकलवाला आला, बसनं येणारा आला. म्हणजे माझ्यासारखा, ज्याची एकूण इस्टेट म्हणजे दोन बॅगा आणि एक प्रेशर कुकर, तो 'ए' लॉटमधल्या व्होल्व्होची वर्गणी भरणार. यूसीएलएचे प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी आयुष्यभर हेच ओरडून सांगितलं. २००५ मध्ये 'द हाय कॉस्ट ऑफ फ्री पार्किंग' हे सातशेहून जास्त पानांचं पुस्तक लिहिलं. पार्किंगवर सातशे पानं! त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की फुकट पार्किंग फुकट नसतंच, फक्त बिल दुसऱ्याच्या नावावर फाडलेलं असतं. दर असा ठेवा की साधारण १५ टक्के जागा कायम मोकळ्या राहतील, म्हणजे घिरट्या घालाव्या लागणार नाहीत. २०२५ च्या फेब्रुवारीत ते गेले. त्यांच्याही आधी, १९५४ मध्ये, कोलंबिया विद्यापीठाच्या विल्यम विक्री यांनी गर्दीप्रमाणे दर बदलणाऱ्या मीटरची कल्पना मांडली होती. (पार्किंगच्या दरावर लिहिणाऱ्याचं आडनाव मराठीत 'विक्री' व्हावं! आज आडनावांचा दिवस दिसतोय.) १९९६ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल जाहीर झालं आणि तिसऱ्या दिवशी ते वारले.

इंजिनियर माणसाला हे पटकन पटतं. वस्तू तुटपुंजी आहे, किंमत लावा, प्रश्न सुटला. मलाही पटलं होतं, आजही बरंचसं पटतं. पण ऑफिसातल्या कामाचा दुसरा भाग म्हणजे दंडाविरुद्धची अपिलं, आणि ती वाचायला लागल्यावर चित्र जरा गुंतागुंतीचं झालं.

तिकीट फाडलं की अपील करायला एक फॉर्म असायचा, 'तुमची बाजू मांडा' असा चौकोन असलेला. ते टाइप करून कमिटीपुढे ठेवायचे, मग निकालाचा कोड टाकायचा. मानवी स्वभावाचा एवढा मोठा नमुनासंग्रह मी पुन्हा पाहिला नाही. बर्फानं पाटी झाकली गेली होती. टॅग सीटखाली पडला होता. एका सेमिस्टरमध्ये एकाच्या दोन आज्या गेल्या, हे ठीक, पण तिसरी? एका प्राध्यापकांनी चार पानी अपील पाठवलं होतं, तळटीपांसकट.

त्या ढिगात एक पाच ओळींचा अर्ज होता. बिल्डिंग साफ करणाऱ्या एका बाईंचा. अर्थ असा: माझी पाळी दुपारी ४ ते रात्री १२. लॉट पाचला सगळ्यांसाठी फुकट होतो. मला या महिन्यात तीन तिकिटं मिळाली, तिन्ही चार ते पाचच्या मधली. मी येते तेव्हा लोक घरी निघालेले असतात आणि लॉटमध्ये भरपूर जागा असते. बस घ्यायची तर शेवटची बस माझी पाळी संपायच्या कितीतरी आधी जाते. एका तासासाठी वर्षाचं पूर्ण परमिट घेऊ का?

निकाल: अपील नामंजूर. नियमाप्रमाणे बरोबरच होतं. वेळ ७ ते ५, गाडी ४:२० ला लावलेली, टॅग नाही. त्यात कोणाचा दुष्टपणा नव्हता. मी कोड टाकला आणि पुढचा फॉर्म घेतला. पण आकडे मला पाठ होते ना! चारच्या मोजणीत तो लॉट जेमतेम निम्मा भरलेला असायचा. मग एका शुक्रवारी काम कमी होतं तेव्हा एक क्वेरी मारली: दुपारी साडेतीन ते पाचमधली सगळी तिकिटं, गाडीच्या नंबरानुसार. त्याच त्याच गाड्या परत परत. कर्मचाऱ्यांच्या यादीशी जुळवलं, तर सफाईवाले, किचनवाले, रात्रीचे मेंटेनन्सवाले. शूपसाहेबांच्याच नियमानं बघितलं तर त्या वेळी त्या जागेची किंमत शून्य असायला हवी होती. आम्ही तिथे रोज दंड वसूल करत होतो.

प्रिंटआउट काढून बॉसकडे नेलं. पन्नाशीच्या, कडक, पण सरळ बाई. त्यांनी चष्मा लावून दोन्ही कागद नीट वाचले. म्हणाल्या, "नियम आपण नाही करत, कमिटी करते."

"कमिटीत कोण कोण असतं?"

"प्राध्यापकांचे प्रतिनिधी, ऑफिस स्टाफचे, विद्यार्थी संघटनेचे, स्पोर्ट्सवाले."

"रात्रपाळीचं कोणी?"

"मीटिंग मंगळवारी सकाळी दहाला असते. ते लोक तेव्हा झोपलेले असतात."

हे त्या अगदी साधेपणानं म्हणाल्या, जणू बसचं टाइमटेबल सांगत होत्या. पण कागद त्यांनी ठेवून घेतला आणि पुढच्या मीटिंगला नेला. पुढच्या ऑगस्टपासून 'इव्हनिंग परमिट' नावाचा नवा प्रकार आला: दुपारी साडेतीनपासून चालणारा, किंमत अगदी किरकोळ. माझ्या प्रिंटआउटमुळे झालं असं मी म्हणणार नाही. युनियनवालेही मागे लागलेले होते. त्या बाईंना मी कधी भेटलो नाही. नव्या परमिटांच्या यादीत त्यांचं नाव आलं, ते मी टाइप केलं, तेवढीच ओळख.

महत्त्वाचं हे, की या बदलानं कोणाचंच काही गेलं नाही. एकाही प्राध्यापकाची जागा गेली नाही, खात्याचा हप्ता चुकला नाही. नियमाला इतकी वर्षं फक्त ती वेळ दिसलेलीच नव्हती, कारण नियम करणारे सगळे नऊला येणारे आणि पाचला जाणारे होते.

तेव्हापासून मी जिथे जिथे पार्किंगची व्यवस्था बघतो तिथे दोन गोष्टी शोधतो: किंमत कशी लावलीय, आणि ती कोणाकडे बघून लावलीय. काही ठिकाणी डोकं छान चाललंय. एमआयटीनं २०१६ मध्ये वर्षाच्या परमिटाऐवजी रोजचे पैसे घ्यायला सुरुवात केली आणि कर्मचाऱ्यांना सबवे-बसचा पास फुकट दिला. विचार सोपा आहे. वर्षाचे पैसे एकदम भरले की माणूस वसूल करायला रोज गाडी आणतो, बुफेत पोट भरल्यावरही आपण जिलबी घेतो तसं. रोज पैसे पडले की रोज सकाळी एकदा विचार करतो. स्टॅनफर्डला २००० मध्ये काउंटीनं बांधकामाची परवानगी देताना अट घातली होती, की ऐन गर्दीच्या वेळची गाड्यांची ये-जा वाढता कामा नये. मग त्यांनी परमिटचे पैसे तर घेतलेच, शिवाय गाडी न आणणाऱ्याला उलट पैसे दिले. २००२ मध्ये तिथले ७२ टक्क्यांच्या आसपास कर्मचारी एकटे गाडीतून यायचे. पुढच्या दहाएक वर्षांत ते प्रमाण निम्म्याच्या घरात आलं. आणि काही विद्यापीठांत परमिटचा दर पगाराच्या टप्प्यांप्रमाणे असतो. डीनला जास्त, झाडूवाल्याला कमी. मला हे पटतं. ४०० डॉलर या आकड्याचं वजन प्रत्येक खिशात वेगळं असतं.

याच्या उलट टोकाला ओहायो स्टेट विद्यापीठ. २०१२ मध्ये त्यांनी आपलं सगळं पार्किंग, म्हणजे पस्तीस हजारांहून जास्त जागा, ५० वर्षांच्या करारानं एका खाजगी कंपनीला चालवायला दिलं. बदल्यात ४८.३ कोटी डॉलर रोख. ते पैसे स्कॉलरशिप, नवे प्राध्यापक, बससेवा अशा गोष्टींसाठी गुंतवले, म्हणजे हेतूला नावं ठेवता येत नाहीत. पण पहिली दहा वर्षं दर वर्षाला ५.५ टक्क्यांपर्यंत वाढवायची मुभा करारातच होती. पूर्ण वापरली तर दहा वर्षांत ७० टक्क्यांच्या वर वाढ. आणि त्यातच २०२० उजाडलं, आणि जगभरातले कॅम्पस ओस पडले. पन्नास वर्षांत माणसांच्या कामाच्या वेळा किती बदलतील, हे आज कोण कागदावर लिहू शकेल? ज्या नियमाला दरवर्षी कोणीतरी अर्ज करून प्रश्न विचारायला हवा, तो दोन पिढ्यांसाठी बांधून टाकायचा, याचं मला भय वाटतं.

आता टॅगही जात चाललेत. बऱ्याच कॅम्पसांवर छपरावर कॅमेरा लावलेली गाडी लॉटमधून नुसती फिरते, नंबरप्लेटी वाचते, आणि दंडाची ईमेल गाडीच्या मालकाआधी घरी पोचते. म्हणजे मिनिटाप्रमाणे पैसे घेणं, गर्दीप्रमाणे दर बदलणं, पगाराप्रमाणे सवलत देणं, सगळं शक्य आहे. तांत्रिक अडचण म्हणून सांगण्यासारखं आता काही उरलेलं नाही. आमच्या वेळी 'सिस्टिममध्ये तशी सोय नाही' ही सबब तरी होती. पण सॉफ्टवेअर आपण होऊन विचारणार नाही, की चार ते पाचमध्ये हे तेच तेच नंबर का येतायत. ती क्वेरी अजूनही कोणीतरी बसून मारावी लागते, आणि त्याआधी ती पाच ओळींची चिठ्ठी कोणीतरी वाचावी लागते.

तुमच्या आयटी पार्कातही पार्किंगचे स्टिकर असतील. बेसमेंटमधल्या लिफ्टजवळच्या जागा कोणाच्या, व्हिजिटरच्या कोणाच्या, आणि हाउसकीपिंगच्या मावशी, सिक्युरिटीवाले, कॅब ड्रायव्हर आपली गाडी नेमकी कुठे लावतात, हे सोमवारी एकदा जाता जाता बघा. आणि अॅडमिनची पार्किंग कमिटीची मेल आली तर डिलीट करण्याआधी मीटिंग किती वाजता ठेवलीय तेवढं वाचा.

असो. हा वीकेंड संपला.